मशीनचा आवाज (अ‍ॅम्प्लिफायर बदलला की आवाज बदलतो का?)

मशीनचा आवाज म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा काही वेगळा आवाज असतो आणि तो ऐकणाऱ्याला कळतो ही समजूत, आणि तिच्यावरून चाललेला जुना वाद. विदर्भाच्या खेड्यात अ‍ॅम्प्लिफायरला अ‍ॅम्प्लिफायर कोणी म्हणत नाही, बिछायत केंद्रवाला (मांडव-साउंड भाड्याने देणारा) असो, भजनी मंडळ असो की झाडीपट्टीच्या नाटकाचा साउंडवाला, सगळे 'मशीन'च म्हणतात, आणि 'त्याच्या मशीनचा आवाज गोड', 'याची मशीन फाटते', 'जुन्या मशीनमध्ये दम होता' हे कोणत्याही मांडवाच्या मागे उभे राहिले की ऐकू येते. उत्तर आधीच देऊन टाकतो. दोन्ही मशीन धड असतील, कुवतीच्या आत चालत असतील, दोघींचा आवाज मीटरने मोजून सारखा केला असेल आणि आत्ता कोणती चालू आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नसेल, तर फरक कळत नाही. पण मांडवात या चारपैकी बहुतेक अटी मोडलेल्याच असतात, म्हणून तिथे लोकांना जो फरक ऐकू येतो तो बरेचदा खरा असतो, कारण मात्र भलतेच सांगितले जाते.

मशीनचे काम तसे एकच, माइक किंवा मोबाइलमधून आलेला बारीक सिग्नल आहे तसाच मोठा करून स्पीकरला देणे. 'आहे तसाच' हा भाग 1970 च्या दशकापर्यंत ट्रान्झिस्टरवाल्यांनी बऱ्यापैकी जमवला, आणि आज साधी बरी मशीनही माणसाला ऐकू येणाऱ्या 20 ते 20,000 हर्ट्झच्या पट्ट्यात जवळपास सपाट चालते. तिच्यात जी थोडी मोडतोड होते ती स्पीकर स्वतः जी मोडतोड करतो त्याच्यापुढे काहीच नाही.

मग फरक वाटतो कशाने? पहिले कारण आवाजाची पातळी. दोन मशीनमध्ये अर्ध्या डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचे माप) फरक असला तर कानाला 'हा मोठा, तो लहान' असे वाटत नाही, मोठा असलेला 'जास्त मोकळा', 'जास्त साफ' वाटतो, आणि इथेच सगळे फसतात. साउंडवाला नवी मशीन लावतो, जुनीचे बटन पाचवर होते म्हणून हिचेही पाचवर आणतो. पण दोन कंपन्यांचे पाच काही एक नसतात, पाच हा आकडा फक्त पट्टीवर छापलेला आहे. दुसरे कारण डोळे. पुढच्या पट्टीवर निळे लाईट नाचत असले, मशीन उचलायला दोन माणसे लागली, की बेस आपोआप जड ऐकू येते, आणि यात कोणी खोटे बोलत नाही, त्याला खरेच तसे ऐकू येते.

बाहेर झालेल्या परीक्षा

म्हणून डोळे बाजूला ठेवून ऐकायची पद्धत निघाली. तिचे नाव एबीएक्स: ए ही एक मशीन, बी दुसरी, आणि एक्स म्हणजे त्यातलीच एक, पण कोणती ते सांगायचे नाही, ऐकणाऱ्याने ओळखायचे. अमेरिकेतल्या डेव्हिड क्लार्कने यासाठीच्या स्विचपेटीवर 1982 मध्ये लेख लिहिला. त्याच्या आधीच, 1978 मध्ये, इंग्लंडात क्वाड या ऑडिओ कंपनीच्या पीटर वॉकरने आपल्याच कंपनीच्या तीन मशीन लोकांपुढे ठेवल्या होत्या, त्यातली एक व्हॉल्व्हची (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांची), दोन ट्रान्झिस्टरच्या, आणि ऐकणाऱ्या मंडळींना त्या खात्रीने वेगळ्या करता आल्या नाहीत. 1987 मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने स्वस्तातल्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्ह मशीनपर्यंत सगळ्या झाकून ऐकवल्या, फरक असतोच म्हणणारे आणि नसतोच म्हणणारे दोन्ही गट बसवले, निकाल नाणेफेकीइतकाच आला. रिचर्ड क्लार्क नावाच्या कार-ऑडिओवाल्याने तर 10,000 डॉलरचे बक्षीस लावले होते, बारापैकी बारा बरोबर आणि तेही दोनदा, ते कोणालाच मिळाले नाही. अर्थात अटी त्याच्याच होत्या, मशीन कुवतीबाहेर जाऊ द्यायची नाही आणि पातळी, टोन सगळे सारखे करून घ्यायचे, म्हणजे फरक पडायच्या जागा आधीच बुजवलेल्या. हे बक्षीसवाल्याला सोयीचे होते असे म्हणता येते, पण प्रश्नही नेमका तोच होता ना, की हे सगळे सारखे केल्यावर मागे काही 'जादू' उरते का.

बॉब कार्व्हरची 1985 ची गंमत मात्र मला सगळ्यात आवडते. त्याने एका मासिकाच्या जाणकारांना सांगितले की तुमची आवडती महागडी व्हॉल्व्हची मशीन द्या, माझी स्वस्त ट्रान्झिस्टरची मी तिच्यासारखी वाजवून दाखवतो, आणि हॉटेलच्या खोलीत बसून दोघींच्या आउटपुटची वजाबाकी जवळपास शून्य होईपर्यंत सर्किट बदलत गेला. मग जाणकारांना फरक सांगता येईना.

गावात करून पाहायचे तर

फार काही लागत नाही. दोन मशीन, एक स्पीकर आणि दोघींमध्ये स्पीकर फिरवायला स्विच. स्विच असा पाहिजे की मधल्या क्षणी दोन्ही तुटतील, नाहीतर एकीचे आउटपुट दुसरीत घुसते आणि धूर निघतो. पातळी जुळवायला मोबाइलवर 100 हर्ट्झचा टोन लावायचा, कारण साधा मल्टिमीटर घरच्या 50 हर्ट्झच्या लाईटसाठी केलेला असतो, वरच्या टोनला तो काहीही दाखवतो. त्यातही बाजारातल्या पिवळ्या मीटरचा एसीचा सगळ्यात लहान रेंज 200 व्होल्टचा, तो 2.8 दाखवतो म्हणजे खरे 2.75 आहे की 2.85 ते कळत नाही, आणि एवढ्यानेच तीन दशांश डेसिबलपर्यंत सरकते. दोन दशांशाच्या आत आणायला मशीनच्या आउटपुटला, समजा 2.83 व्होल्ट ठेवायचे तर, 2.77 ते 2.89 मध्येच राहावे लागते, म्हणून बरा मीटर उसना आणावा. मग तिसऱ्या माणसाने पाठ करून नाणे उडवायचे, छापा आला की ही, काटा आला की ती, आणि वहीत मांडत जायचे. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आले तर काहीतरी ऐकू येत आहे असे धरायला हरकत नाही, नुसत्या नशिबाने तेवढे शंभरात चारच वेळा येते.

आमच्या भजनी मंडळाच्या खोलीत हे केले होते, एक गावातच जोडलेली 5200-1943 नंबरच्या ट्रान्झिस्टरची जुनी मशीन आणि एक कंपनीची. मंडळाचा साउंडवाला पोरगा छाती ठोकून बसला, सोळापैकी नऊ बरोबर आले. वही त्याला दाखवली तर म्हणे, "ते सारं खरं आहे भाऊ, पण बेस जुनीचाच भारी, तुमी काईबी मना."

खरा फरक कुठून येतो

सगळ्यात मोठे कारण लाईट. सप्ताह असो की नाटक, संध्याकाळी गावभर बल्ब-मोटर चालू होतात आणि 230 चे 180 व्होल्ट होतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनमध्ये आतला पुरवठाही त्याच प्रमाणात खाली येतो, आणि पॉवर व्होल्टच्या वर्गाने पडते, म्हणजे 100 वॅटची मशीन 61 वॅटची उरते. ऐकायला हा फरक दोन डेसिबलचा, फारसा जाणवत नाही, पण साउंडवाला ते दोन डेसिबल भरून काढायला बटन फिरवतो, लहरींचे माथे कापले जातात आणि आवाज 'फाटतो'. एसएमपीएसवाली (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग पुरवठ्याची) नवी मशीन बरेचदा 180 वरही आतला पुरवठा धरून ठेवते, म्हणून ती संध्याकाळी 'साफ' वाटते. फरक शंभर टक्के खरा, पण तो लाईटचा, दुपारी त्याच दोन मशीन लावल्या तर गायब.

दुसरे कारण वायर. बारीक पाऊण स्क्वेअरची (पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची) 30 मीटर वायर ओढली की जाऊन-येऊन दीड ओमच्या आसपास रोध होतो, 8 ओमच्या स्पीकरला साधारण दीड डेसिबल तिथेच जाते, आणि स्पीकरचे ओम प्रत्येक सुराला वेगळे असल्यामुळे कुठे जास्त जाते, कुठे कमी, म्हणजे टोनच बदलतो. व्हॉल्व्ह मशीनचा जो 'उबदार' आवाज म्हणतात त्यातही हाच प्रकार मोठा असतो, रोध तिच्या आउटपुटच्या आतच बसलेला. म्हणजे गरिबाने बारीक वायर ओढली की थोडीफार व्हॉल्व्ह मशीन फुकटात मिळते. 100 व्होल्ट लाइनवरच्या (लांबवर न्यायला जास्त व्होल्टवर चालवलेल्या) भोंग्याला हे लागत नाही, 30 वॅटचा भोंगा मशीनला 333 ओमचा दिसतो, त्यापुढे दीड ओम कोण विचारतो.

दुरुस्तीचेही आहे. ट्रान्झिस्टर उडाला की तालुक्याच्या दुकानातून बदलून आणतात, त्यात नकली 5200 खूप फिरतात, आणि नकली असला की मशीन थोड्या आवाजावर ठीक, जोर आला की दम सोडते.

भोंग्यावर तर प्रश्नच वेगळा. भोंगा साधारण 300 हर्ट्झच्या खाली आणि पाच-सहा हजारांच्या वर फारसे काही वाजवत नाही, त्यामुळे बेस भारी की हलका हा वाद तिथे संपतो. उरते ती शांततेत ऐकू येणारी सूं-सूं आणि अर्थिंग नसल्याची घूं-घूं, आणि यात मशीन-मशीनमध्ये फरक असतो, तो डोळे बांधूनही कळतो. पहाटेच्या काकड्याला मात्र तीच मशीन, तोच भोंगा दोन मैलांवरच्या वावरात असा खणखणीत ऐकू येतो की लोक म्हणतात सकाळी मशीन चांगली चालते. त्या वेळी गाव झोपलेले असते म्हणून व्होल्टेज पूर्ण मिळते, आणि रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झालेली असल्यामुळे आवाज वर न जाता पुन्हा खाली वाकतो, ऊन चढले की तोच आवाज गावाच्या वेशीपर्यंत जेमतेम पोचतो.