गोळी म्हणजे दुसरी नशा नव्हे

"एक नशा सोडवून दुसरी लावायची, मग सुटलं काय?" ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या, अफूच्या जातीच्या नशेच्या) व्यसनावर रोज औषध घ्यायचं म्हटलं की घरचे हमखास हेच विचारतात, आणि पोरगं जेमतेम 17-18 चं असेल तर अजूनच बिचकतात. या प्रश्नाचं उत्तर मेंदूतल्या एका रिसेप्टरमध्ये (पेशीवरची खुर्चीच म्हणा, जिच्यावर औषध बसलं की पेशीला इशारा जातो) आहे आणि मला ते भारी वाटतं.

हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल सगळे या म्यू नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. रोज बसायला लागले की मेंदू त्यांना धरूनच आपला कारभार लावतो, मग नशा अचानक बंद केली की लोकस सेरुलियस नावाच्या भागातल्या दबून राहिलेल्या पेशी एकदम उसळतात, नॉरॲड्रेनलिन (शरीराला खडबडून जागं करणारं रसायन) वाढतं आणि घाम, जुलाब, अंगदुखी, रात्र रात्र झोप नाही. म्हणजे "मनावर घे, सुटेल" एवढ्यावर हे भागत नाही.

आता ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे या व्यसनावर रोज देतात ती गोळी. हे पण त्याच खुर्चीवर बसतं, आणि असं घट्ट बसतं की वरून हेरॉइन घेतलं तरी त्याला जागाच मिळत नाही, पण रिसेप्टरला चालू करतं अर्धवटच. त्यामुळे तलफ आणि त्रास थांबतो, पण ठरावीक डोसनंतर श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही, ओव्हरडोसमध्ये माणूस श्वास थांबूनच जातो म्हणून हे फार महत्त्वाचं (दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र धोका आहेच). उलट बाजू अशी की हेरॉइन अंगात असताना पहिली गोळी घेतली तर ती त्याला ढकलून देते आणि सगळा त्रास एकदम अंगावर येतो, म्हणून त्रास सुरू झाल्यावरच डॉक्टर पहिला डोस देतात.

2008 साली 15 ते 21 वयाच्या 152 मुलांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला. अर्ध्यांना 2 आठवड्यांत डिटॉक्स (नशा उतरवून औषधही बंद), अर्ध्यांना 12 आठवडे ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन (नॅलॉक्सोन म्हणजे ओपिऑइडचा असर रोखणारं औषध). शेवटी 12 आठवडेवाले उपचारात टिकले 70 टक्के, डिटॉक्सवाले जेमतेम 20! औषध बंद केल्यावर मात्र बरेच जण पुन्हा घसरले, म्हणून घाई नको. नुसतं डिटॉक्स धोक्याचं कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि पोरगं पुन्हा घसरलं की जुनाच डोस घेतं, तो आता ओव्हरडोस ठरतो. 'गुपचूप द्या, 7 दिवसांत व्यसन बंद' वाल्या पावडरींच्या जाहिराती बघून म्हणूनच संताप होतो, त्यात लोकांचा वेळ जातो आणि तेवढ्यात जीव जातो.

घरच्यांचं काम पोलिसगिरीचं नाही. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत सोबत बसायचं (गिळली तर फार कमी लागू पडते), बाकीच्या गोळ्या कुलपात, अपॉइंटमेंट चुकू द्यायची नाही, आणि परत नशा केली असं कळलं तर आरडाओरडा न करता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. घरात नॅलॉक्सोनचा स्प्रे ठेवा, कसा मारायचा ते सगळ्यांनी शिकून घ्या. ओठ निळे पडले, हलवून उठत नाही, श्वास घरघरतोय तर लगेच मारा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, शुद्धीवर आला तरी बोलवाच, कारण स्प्रेचा असर 30 ते 90 मिनिटांत उतरतो आणि अंगातलं ओपिऑइड त्यापेक्षा जास्त टिकू शकतं.