मोठ्या बांधकाम प्रकल्पांतील हितधारकांचा सहभाग आणि शाश्वतता

धरण, विमानतळ, भुयारी रेल्वे, महामार्ग, बंदर अशा मोठ्या प्रकल्पामुळे ज्यांचे काही साधते किंवा बिघडते, आणि जे प्रकल्पाला बळ देऊ शकतात किंवा तो अडवू शकतात, अशा सर्वांना निर्णयात सामावून घेण्याची व त्याच वेळी जमीन, पाणी, हवा, साधनसामग्री आणि लोकजीवन यांवर पडणारा भार आटोक्यात ठेवण्याची व्यवस्थापनपद्धत. हितधारकांमध्ये प्रकल्पाचा मालक, कर्ज देणाऱ्या बँका, आरेखनकार, कंत्राटदार आणि परवानगी देणाऱ्या शासकीय यंत्रणा तर येतातच. पण ज्यांची जमीन जाणार ते शेतकरी, शेजारचे रहिवासी, भाडेकरू, बांधकाम मजूर, पुढे ती सुविधा वापरणारे लोक आणि पर्यावरण संघटनाही येतात. भाडेकरू आणि मजूर यादीतून सहज सुटतात, कारण जमिनीच्या कागदांवर त्यांची नावे नसतात.

अनेक प्रकल्पांत लोकसंपर्क एका विभागाकडे आणि पर्यावरण दुसऱ्याकडे सोपवलेले असते. ही वाटणी सोयीची असली तरी चुकीची आहे. रस्ता कुठून न्यायचा, पूल बांधायचा की बोगदा खणायचा, जुनी इमारत पाडायची की मजबूत करून वापरायची, हे ठरले की काँक्रीट आणि पोलाद किती लागणार हे जवळपास ठरून जाते. कोणाचे घर जाणार आणि कोणती पाणथळ जागा बुजणार हेही त्याच निर्णयात ठरते. ब्रिटनमध्ये २०१६ साली निघालेले व २०२३ मध्ये सुधारलेले ‘पास २०८०’ हे पायाभूत सुविधांतील कार्बन व्यवस्थापनाचे मानक याच मुद्द्यावर भर देते : उत्सर्जन कमी करण्याची सर्वांत मोठी संधी सुरुवातीच्या टप्प्यात असते, पुढे ती आटत जाते. लोकांशी बोलण्याचेही तसेच आहे. आराखडा पक्का झाल्यावर भरवलेल्या सभेत चर्चा होत नाही, निर्णय फक्त कळवला जातो.

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे आणि मत विचारणे यांची गणना त्यांनी नाममात्र सहभागात केली. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी झाला आणि प्रकल्पाचे परिणाम आधी तपासण्याची पद्धत तेथून जगभर पसरली. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये हितधारकांची कल्पना व्यवस्थापनशास्त्रात रुजवली, १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली आणि १९९८ च्या आरहूस कराराने पर्यावरणविषयक माहिती, निर्णयात सहभाग व न्यायालयात दाद हे तीन हक्क एकत्र आणले.

संवाद टाळण्याची किंमत किती मोठी असते, हे जपानमधील नारिता विमानतळाने दाखवले. टोकियोसाठी नवा विमानतळ सानरिझुका परिसरात करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जुलै १९६६ मध्ये घेतला. तेथील शेतकऱ्यांना आधी विचारले नव्हते. त्यांतील अनेक कुटुंबांनी दुसऱ्या महायुद्धानंतर पडीक जमीन स्वतःच्या कष्टाने लागवडीखाली आणली होती, त्यामुळे मोबदल्याच्या आकड्याने प्रश्न सुटणारा नव्हता. सक्तीच्या भूसंपादनाला कडवा विरोध झाला, १९७१ च्या संघर्षात तीन पोलीस मारले गेले. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाला चार दिवस उरले असताना आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रसामग्री फोडली आणि उद्घाटन लांबून विमानतळ २० मे रोजी सुरू झाला. खरा संवाद सुरू व्हायला १९९१ उजाडले. तटस्थ अभ्यासकांच्या मध्यस्थीने सरकार आणि विरोधक समोरासमोर बसले, सरकारने सक्तीच्या संपादनाचा मार्ग सोडला आणि १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी माफी मागितली. तरीही काही जमीन मिळालीच नाही, म्हणून दुसरी धावपट्टी २००२ मध्ये २,१८० मीटर एवढी आखूड सुरू करावी लागली. ज्या बैठका १९६६ पूर्वी व्हायला हव्या होत्या, त्या पाव शतकानंतर झाल्या.

जर्मनीत ‘श्टुटगार्ट २१’ या रेल्वेस्थानक प्रकल्पाला सर्व कायदेशीर परवानग्या होत्या. तरी ३० सप्टेंबर २०१० रोजी निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारले गेले आणि अनेक जण जखमी झाले. त्यानंतर ज्येष्ठ राजकारणी हायनर गाइसलर यांच्या मध्यस्थीखाली अभियंते व विरोधक यांची चर्चा झाली, तीही दूरचित्रवाणीवर थेट. २०११ च्या सार्वमतात बहुमत प्रकल्पाच्या बाजूने पडले. परवानगी असणे आणि लोकांना प्रकल्प पटणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र उघड झाले होते. २०१३ मध्ये जर्मन प्रशासकीय कायद्यात अर्ज दाखल होण्यापूर्वीच लोकांना सहभागी करून घेण्याची तरतूद आली. फ्रान्स याच्याही पुढे आहे. १९९५ च्या कायद्याने निर्माण झालेला व २००२ पासून स्वतंत्र असलेला राष्ट्रीय सार्वजनिक चर्चा आयोग ‘प्रकल्प कसा करायचा’ याच्या आधी ‘करायचा का’ हा प्रश्न लोकांपुढे ठेवतो.

धरणांच्या बाबतीत हाच प्रश्न जागतिक धरण आयोगाने (१९९८–२०००) हाताळला. दक्षिण आफ्रिकेचे कादर अस्मल अध्यक्ष असलेल्या या आयोगात सरदार सरोवराविरुद्ध लढणाऱ्या मेधा पाटकर होत्या आणि वीजसामग्री बनवणाऱ्या बड्या कंपनीचे प्रमुखही होते. मोठ्या धरणांमुळे ४ ते ८ कोटी माणसे विस्थापित झाली, असा अंदाज आयोगाने नोंदवला. पाटकर यांनी अहवालावर सही केली, पण आपले वेगळे मतही जोडले. मतभेद लपवून एकमत दाखवण्यापेक्षा ही रीत अधिक विश्वासार्ह आहे.

प्रत्यक्ष कामात आधी हितधारकांचा नकाशा तयार होतो. मिचेल, ॲगल आणि वुड या अभ्यासकांनी १९९७ मध्ये सुचवलेल्या सत्ता (प्रकल्पावर प्रभाव पाडण्याची ताकद), मागणीची वैधता आणि तिची निकड या कसोट्या त्यासाठी वापरतात. फक्त सत्ता मोजली तर ज्यांचे सर्वाधिक नुकसान होते तेच तळाशी जातात, ही अडचण लक्षात ठेवावी लागते. पुढची कसोटी मैदानावर असते. भुयार शहराखालून जाणार असेल तर खोदाईपूर्वी मार्गावरील घरांची पाहणी होते. घरमालकासमोर भिंतीतील जुन्या भेगा मोजतात, फोटो काढतात आणि अहवालाची एक प्रत त्याला देतात. मोठ्या भेगेवर तडामापक बसवतात : एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या, एकीवर मिलिमीटरची चौकट, दुसरीवर फुलीच्या रेघा. भेग रुंदावली की फुली चौकटीवर सरकते. ती हालचाल वाचायला अभियंता लागत नाही, घरातल्या कोणालाही ती दिसते. नुकसानभरपाईचा वाद पुढे उद्भवलाच तर दोन्ही बाजूंकडे एकच नोंद असते. पाइलिंगचे (पायासाठी जमिनीत खांब ठोकण्याचे) हादरे, रात्रीचे काँक्रीट ओतणे, धूळ, डंपरच्या फेऱ्या यांबाबतही असेच : वेळापत्रक आधी कळवावे, मोजमाप उघडे ठेवावे, तक्रारीला क्रमांक आणि उत्तराची मुदत द्यावी.

इमारती व बांधकाम क्षेत्राचा ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांतून होणाऱ्या जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातील वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे; एकट्या सिमेंटचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या ७ ते ८ टक्के मानला जातो. म्हणून ब्रीॲम (१९९०) किंवा लीड यांसारखी हरित प्रमाणपत्रे मिळवण्याबरोबरच साहित्याच्या निर्मितीपासून पाडकामापर्यंतचा हिशेब मांडला जाऊ लागला आहे. राडारोडा आणि खोदाईची माती यांचे काय करायचे हा त्यातला कळीचा भाग. लंडनच्या क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या प्रकल्पात ३० लाख टनांहून अधिक माती जहाजांनी एसेक्सच्या किनाऱ्यावरील वॉलसी बेटावर नेली. पक्षिसंरक्षण करणाऱ्या संस्थेला तेथे शेतीसाठी बांध घालून अडवलेली खोलगट जमीन उंच करून पुन्हा खाजण तयार करायचे होते. २०१५ मध्ये समुद्राचा बांध फोडून भरतीचे पाणी आत घेतले गेले. कंत्राटदाराला जो कचरा होता, तोच संस्थेला हवा असलेला भराव होता. ही गाठ वेळेवर पडली म्हणून दोघांचे काम साधले.

आंतरराष्ट्रीय कर्जांमुळे या गोष्टी आता अटींमध्ये आल्या आहेत. जागतिक बँकेने १९९३ मध्ये प्रकल्पबाधितांच्या तक्रारी तपासणारे मंडळ नेमले, काही बँकांनी २००३ मध्ये प्रकल्पकर्जातील पर्यावरणीय व सामाजिक जोखमीविषयीची इक्वेटर तत्त्वे स्वीकारली, आणि २०१८ पासून जागतिक बँकेच्या दहाव्या पर्यावरणीय व सामाजिक मानकानुसार सहभागाचा आराखडा व तक्रार निवारण यंत्रणा बंधनकारक आहे.

सगळे हितधारक एका बाजूला येतील असे नसते. पवनचक्क्या किंवा रेल्वे यांचा लाभ साऱ्या देशाला आणि त्रास एका गावाला, ही विषमता केवळ बैठकांनी मिटत नाही. लाभातला वाटा, नोकऱ्या किंवा मार्गात बदल असे काही हाती द्यावे लागते. शिवाय जे अजून जन्मलेच नाहीत, ते कोणत्याही सभेला येऊ शकत नाहीत. वेल्सने २०१५ च्या कायद्याने भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्याची तरतूद केली. न्यूपोर्टजवळील एम ४ महामार्गाच्या पर्यायी रस्त्याला आयुक्तांनी विरोध केला. सार्वजनिक चौकशीच्या अहवालाने रस्त्याला अनुकूलता दाखवली होती, तरी जून २०१९ मध्ये तेथील सरकारने खर्च आणि ग्वेंट पाणथळ प्रदेशाची हानी ही कारणे देऊन तो नाकारला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने २०२० मध्ये नवा महामार्ग बांधण्याऐवजी रेल्वेस्थानके व बससेवा वाढवण्याची शिफारस केली.