नकाशातली घाटवाट आणि पायाखालची घाटवाट

कर्जत किंवा आसनगावची लोकल पकडून सह्याद्रीत जाणाऱ्या मुंबईकर भटक्यांना हा अनुभव नवा नाही: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात घाटवाटेची तुटक रेघ डोंगराच्या सोंडेवरून चढताना दिसते आणि मोबाइलमधील जीपीएस मात्र आपण शेजारच्या ओढ्यात उभे असल्याचे सांगतो. अशा वेळी नकाशाच जुनाट ठरवून मोकळे होण्याची घाई होते. पण तफावत किती आहे यापेक्षा ती वाटेवर कशी पसरली आहे हे पाहिले, तर चूक कोणाची याचा उलगडा बराच होतो.

आधी प्रमाण लक्षात घ्यावे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, त्यामुळे ०.३ मिलिमीटर जाडीची रेघच १५ मीटर रुंद जागा व्यापते. घाटातील दहा-पंधरा मीटरांची नागमोडी वळणे त्या रेघेत मावतच नाहीत. म्हणून चाललेले अंतर नकाशावर मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त भरते, आणि ही चूक नव्हे.

दुसरे कारण पृथ्वीच्या मानलेल्या आकाराचे. जुने नकाशे १८३० सालच्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीसाठी मानलेल्या किंचित चपट्या गोलावर, आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही जगभर वापरली जाणारी नवी पद्धत वापरते. (२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची नकाशांची खुली मालिका याच नव्या पद्धतीवर आहे.) मुंबईच्या आसपास या दोहोंतील फरक सुमारे १०० मीटर, म्हणजे नकाशावर २ मिलिमीटर भरतो. त्याची खूण अशी, की केवळ वाटच नव्हे, तर देऊळ, विहीर, ओढ्यांचा संगम असे सारे काही एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेले दिसते. त्यामुळे जागेवरून न हलणाऱ्या अशा चार-पाच खुणा आधी जुळवून घ्याव्यात आणि मगच वाटेकडे वळावे.

जीपीएसही निर्दोष नाही. मोकळ्या माळावर तो साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. अरुंद नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळीत, मात्र निम्मे आकाश कड्यांनी झाकलेले असते आणि उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. ही चूक विस्कळीत असते, बिंदू कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला पडतात. तीच वाट चढताना आणि उतरताना, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी नोंदवून सरासरी काढली, तर ती बरीच कमी होते.

एवढे वजा करूनही एखाद्याच टप्प्यात, सातत्याने एकाच बाजूला फरक उरला, तर तिथे वाट खरोखरच बदललेली असण्याचा संभव मोठा. दरड कोसळते, नवी शेते पडतात, गावात एसटी पोहोचल्यावर घाट चढून बाजाराला जाणारे थांबतात. तरी मोडलेली वाट लगेच नाहीशी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली माती घट्ट होते, पावसाचे पाणी त्याच घळीतून वाहते आणि उताराला आडवी जाणारी ती उथळ खाच बराच काळ टिकते. पावसाळ्यानंतरच्या गवतात आणि कारवीच्या झुडपांत ती दडते. पानगळीनंतर, फेब्रुवारी ते मे या काळात, ती शोधणे सोपे जाते. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी हा तर भक्कम पुरावा. नाणेघाटात सातवाहनकालीन लेण्यातील शिलालेख आणि टाकी अशीच त्या प्राचीन व्यापारी वाटेची जागा दाखवतात.

सह्याद्रीची घडण या कामी उपयोगी पडते, असे मला वाटते. लाव्हाच्या थरांमुळे उभा कडा, मग पायरीसारखा सपाट पदर, पुन्हा कडा अशी ही रचना आहे. नकाशावरील समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) कड्याशी दाटतात आणि पदरावर विरळ होतात. कड्यातून वर जाण्याजोगी खिंड किंवा नाळ मोजक्याच जागी असल्यामुळे वाटेला तिथे फारसे पर्याय नसतात. म्हणून तुलना तिथूनच सुरू करावी. पदरावर मात्र ढोरवाटांचे जाळे असते, त्या दर काही वर्षांनी बदलतात, आणि तिथे शंभर-दीडशे मीटरांचा फरक दिसला तरी त्यावरून नकाशा चुकला असे म्हणता येत नाही.