न आलेल्या व्हॉइसमेलचं चिन्ह

दोन गोल आणि त्यांना खालून जोडणारी आडवी रेघ. टेपरेकॉर्डरच्या रिळांची आठवण करून देणारं हे चित्र फोनच्या माथ्यावर उमटलं, की समजायचं व्हॉइसमेल आला. आपण व्हॉइसमेलचा नंबर लावतो. पलीकडचा यांत्रिक आवाज सांगतो की एकही नवा संदेश नाही. फोन ठेवावा तर चिन्ह तिथेच. बोटाने बाजूला सारलं तर हलत नाही, आणि फोन बंद करून चालू केला तरी थोड्या वेळात पुन्हा हजर.

अशा वेळी आजूबाजूचे जाणकार सल्ल्यांचा पाऊस पाडतात. फोन हॅक झालाय, व्हायरस शिरलाय, अमुक क्लीनर अ‍ॅप टाक, फॅक्टरी रिसेट मार. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. फोन कोरा होतो, फोटो आणि चॅटची वाट लागते, आणि एवढं करूनही चिन्ह पुन्हा उगवू शकतं. ते का उगवतं, हे समजायला फोनच्या आत नव्हे, फोनला बाहेरून काय सांगितलं जातं तिकडे बघावं लागतं.

व्हॉइसमेल मुळात फोनमध्ये नसतो. तुम्ही कॉल उचलला नाही, की नेटवर्क ठरलेल्या सेकंदांनंतर (५ ते ३०, पाचाच्या पटीत) तो कॉल दुसऱ्याच नंबरकडे वळवतं. तिथे मोबाइल कंपनीच्या सर्व्हरवर बोलणाऱ्याचा आवाज साठवला जातो. तुमचा फोन तेव्हा बंद असला तरी बिघडत नाही, कारण या व्यवहारात त्याला कोणी विचारतच नाही. साहजिकच, निरोप आलाय हे सर्व्हरने फोनला वेगळं कळवावं लागतं. लँडलाइनच्या काळात त्यासाठी रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन तुटक ऐकू यायचा, हॉटेलच्या खोल्यांमधल्या फोनवर लाल दिवा लागायचा. मोबाइलमध्ये हे काम एसएमएसकडे आलं.

एसएमएसचा जन्मच अशा कामांच्या आसपासचा आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून पहिला एसएमएस पाठवला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. पण त्यानंतर लगेच लोक एकमेकांना संदेश पाठवत सुटले असं झालं नाही. सुरुवातीच्या वर्षांत ग्राहकाला ‘तुमच्यासाठी व्हॉइसमेल आहे’ हे कळवणं, हाच या सेवेचा एक ठळक उपयोग होता. तो आजही चालू आहे, फक्त आता ते एसएमएस आपल्याला दिसत नाहीत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग.

प्रत्येक एसएमएसच्या मजकुराआधी थोडी तांत्रिक माहिती असते. त्यात ‘डेटा कोडिंग स्कीम’ नावाचा एक बाइट, म्हणजे आठ बिट. पुढचा मजकूर कोणत्या पद्धतीने वाचायचा, हे एरवी हा बाइट सांगतो. इंग्रजी असेल तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात आणि देवनागरी असेल तर ७०, हा भेदभाव त्याच्याच हिशेबातला. पण या बाइटचे पहिले चार बिट ११०० असे आले, तर अर्थ पूर्ण बदलतो. फोनने समजायचं, की हा संदेश माणसाने वाचण्यासाठी नाही. सांगितलंय तेवढं करायचं आणि संदेश फेकून द्यायचा. उरलेल्या चार बिटांपैकी शेवटचे दोन प्रकार सांगतात: ०० म्हणजे आवाजी निरोप, ०१ फॅक्स, १० ईमेल, ११ इतर काही. (फॅक्सचं चिन्ह दाखवण्याची सोय फोनच्या प्रमाणकांत अजून जिवंत आहे, हे वाचून मला दर वेळी हसू येतं.) आणि पाचव्या जागेवरचा बिट हा खरा सूत्रधार. तो १ असेल तर चिन्ह लावायचं, ० असेल तर काढायचं.

म्हणजे ‘लाव’ हा हुकूम ११००१००० आणि ‘काढ’ हा हुकूम ११००००००. दशमान पद्धतीत २०० आणि १९२. फरक एका बिटाचा.

यात निरोप किती आहेत, कोणाचे आहेत, कधीचे आहेत, यातलं काहीही नाही. आकडा कळवण्याची दुसरी एक पद्धत आहे. तिच्यात ० ते २५५ मधली संख्या पाठवता येते. पण ती सगळी नेटवर्कं वापरतातच असं नाही. म्हणून काही फोनवर ‘३ नवे व्हॉइसमेल’ दिसतं, तर काहींवर नुसताच ‘नवा व्हॉइसमेल’.

एक बिट उलटला की चिन्ह लागतं म्हटल्यावर कोणालाही वाटेल, वाटेत हवेत गडबड होऊन ० चा १ होत असावा. तसं होत नाही. रेडिओ लहरींवरून येणाऱ्या माहितीची चूक पकडण्याची चांगली व्यवस्था असते, आणि बिघडलेला संदेश स्वीकारलाच जात नाही. गोंधळ होतो तो संदेश बिघडल्यामुळे नव्हे, हरवल्यामुळे किंवा उशिरा आल्यामुळे. एसएमएस थेट फोनकडे येत नाही. तो आधी नेटवर्कच्या संदेश केंद्रात थांबतो, फोन सापडला की पुढे जातो. किती वेळ थांबायचं याची मुदत संदेशावरच लिहिलेली असते. एका नेहमीच्या पद्धतीत ती कमीत कमी ५ मिनिटं आणि जास्तीत जास्त ६३ आठवडे ठेवता येते. मुदतीत फोन सापडला नाही, तर संदेश रद्द. समजा तुम्ही दुसऱ्याच फोनवरून आपला व्हॉइसमेल ऐकला आणि तुमचा फोन तेव्हा बंद होता. सर्व्हरने ‘काढ’ असा हुकूम सोडला, त्याची मुदत संपली, तो विरून गेला. सर्व्हरच्या दृष्टीने काम झालं. फोनच्या दृष्टीने निरोप अजून आहे.

दुसरी शक्यता आणखी गमतीची. एसएमएस ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचतील, याची कोणतीही हमी नसते. ‘लाव’ आणि ‘काढ’ हे दोन्ही संदेश केंद्रात अडकून पडले आणि ‘काढ’ आधी पोचला, तर फोन न लागलेलं चिन्ह आज्ञाधारकपणे काढतो, मग मागून आलेला ‘लाव’ बघून ते लावून ठेवतो. कायमचं.

कायमचं का? कारण फोन ही गोष्ट नोंदवून ठेवतो, आणि अनेकदा ती नोंद सिम कार्डावर होते. सिम म्हणजे एक छोटा संगणकच. त्याच्या आत फाइली असतात. त्यातली एक फाइल निव्वळ या चिन्हांसाठी आहे: पहिल्या बाइटमध्ये कोणतं चिन्ह लागलंय ते, पुढच्या बाइटांमध्ये प्रत्येक प्रकारचे किती निरोप ते. याखेरीज काही मोबाइल कंपन्यांनी १९९०च्या दशकात मिळून ठरवलेली एक जुनी फाइलही अनेक सिमांवर असते. तिच्यात ‘निरोप आहे’ म्हणजे १०१० आणि ‘नाही’ म्हणजे ०१०१. चारही बिट एकमेकांच्या उलट, त्यामुळे एखादा बिट चुकला तरी एकाचं दुसरं होणार नाही. वर पाहिलेल्या एका बिटाच्या काटकसरीपेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण दोन फाइली म्हटल्यावर तिसरी भानगड आलीच: एका फोनने एक फाइल पुसली, सिम दुसऱ्या फोनमध्ये गेलं, आणि त्याने न पुसलेली फाइल वाचली, असंही होऊ शकतं.

फोन चालू होताना सिमवरची ही नोंद वाचतो आणि चिन्ह पुन्हा लावतो. रिस्टार्टने ते का जात नाही, याचं उत्तर इथे आहे. फॅक्टरी रिसेटचंही तेच. रिसेट फोनची स्मृती पुसतो, सिमची नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आखणीतला एक दोष आहे. चिन्ह लावायला एक पत्र, काढायला दुसरं पत्र, आणि दुसरं पत्र गहाळ झालं तर पहिल्यालाच चिकटून राहायचं, अशी ही रीत. स्वतःहून कालबाह्य होणारी नोंद ठेवली असती, तर हा प्रश्न आला नसता. इंटरनेटच्या घडणीतले एक प्रमुख अभियंते डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ साली एका निबंधात अशा नोंदीला ‘सॉफ्ट स्टेट’ म्हटलं: जी अधूनमधून ताजी केली नाही तर आपोआप मिटते आणि हरवली तरी पुन्हा उभी करता येते. नव्या ४जी नेटवर्कांवर, जिथे कॉलही इंटरनेटच्या पद्धतीने जातात, तिथे व्हॉइसमेलची सूचना याच धर्तीवर देता येते. तिचं प्रमाणक २००४ साली आलं. त्यात फोन सर्व्हरकडे ‘मला कळवत राहा’ अशी वर्गणी लावतो. वर्गणीला मुदत असते, ती वाढवत राहावी लागते. आणि मुख्य म्हणजे वर्गणी लावताक्षणी सर्व्हर सध्याची पूर्ण स्थिती कळवतो, उदाहरणार्थ ‘२/८’, म्हणजे नवे दोन, जुने आठ. मागे काय हरवलं याने मग फारसा फरक पडत नाही. फ्लाइट मोड चालू-बंद केल्यावर काहींचं चिन्ह चटकन जातं आणि काहींचं ढिम्म राहतं, त्यामागे बऱ्याचदा हाच फरक असतो.

याच विषयावर एक अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. ‘*#६२# दाबा, तुमचा फोन कोण टॅप करतंय त्याचा नंबर दिसेल.’ लोक दाबतात, खरंच एक अनोळखी नंबर दिसतो, आणि घाम फुटतो. हा कोड एवढंच विचारतो, की फोन आवाक्याबाहेर असताना कॉल कुठे वळवले जातात. *#६१# हा ‘उचलला नाही तर’ साठीचा. दिसणारा नंबर बहुधा व्हॉइसमेल केंद्राचाच असतो. पाळत ठेवणारा माणूस स्वतःचा नंबर इतक्या सौजन्याने कशाला दाखवेल? उलट खरा धोका दुसरीकडे आहे: कोणी फोन करून *२१* किंवा **२१* ने सुरू होणारा कोड दाबायला सांगितलं, तर मुळीच दाबू नका, कारण त्याने तुमचे सगळे कॉल भलत्याकडे वळतात. आणि ‘तुमच्यासाठी व्हॉइसमेल आहे, इथे क्लिक करा’ असा लिंक असलेला एसएमएस आला, तर तो या लेखातल्या चिन्हाचा भाऊबंद नव्हे. २०२१मध्ये फ्लूबॉट नावाचा अँड्रॉइडवरचा घातक प्रोग्राम असेच खोटे व्हॉइसमेल दाखवून पसरला होता. खऱ्या सूचनेत लिंक नसते.

तर चिन्ह घालवायचं कसं? आधी व्हॉइसमेल खरंच रिकामा आहे ना, ते बघा. फोनमध्ये दोन सिम असतील, तर सूचना कोणत्या सिमची आहे ते तपासून त्याच सिमवरून ऐका. या साध्या गोष्टीत बरेच जण अडकतात. आयफोनवर पुसलेले संदेश ‘डिलीटेड’मध्ये पडून असतात, तेही साफ करा.

मग दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करा, उचलू नका, दोन शब्द बोलून ठेवा. तो निरोप पूर्ण ऐका आणि पुसा. खुळचट वाटतो, पण सगळ्यात परिणामकारक उपाय हाच. शेवटचा नवा निरोप संपला की सर्व्हर ‘काढ’ हा हुकूम नव्याने सोडतो, आणि या वेळी फोन चालू असतो, रेंजमध्ये असतो.

तेवढ्याने भागलं नाही, तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. चिन्ह सिमबरोबर गेलं, तर नोंद सिमवर आहे किंवा नेटवर्क ती पुन्हा पाठवतंय. गेलं नाही, तर नोंद फोनची स्वतःची. मग सेटिंग्जमध्ये जाऊन फोन अ‍ॅपचा डेटा पुसून बघा, त्यात अ‍ॅपच्या काही आवडीनिवडी पुन्हा लावाव्या लागतील. व्हॉइसमेलच्या सूचना सेटिंगमधून बंद करता येतात खऱ्या, पण मग खरा निरोप आला तरी कळणार नाही.

एक प्रकार मात्र अगदी चिवट. व्हॉइसमेल सेवाच बंद करून टाकलेली असते आणि चिन्ह मागे राहिलेलं असतं. आता ‘काढ’ म्हणणारा सर्व्हर तुम्हाला ओळखतच नाही. ग्राहक सेवेला फोन करून ‘व्हॉइसमेल इंडिकेटर रिसेट करा’ असं नेमक्या शब्दांत सांगा. समोरच्याला ते कळलं नाही, तर सेवा तात्पुरती सुरू करून घ्या, स्वतःलाच एक निरोप ठेवा, ऐका, पुसा, चिन्ह गेल्याची खात्री करा, आणि मग सेवा पुन्हा बंद करायला सांगा.