लॉग न दिसणे (वेब अ‍ॅप्लिकेशन)

वेब अ‍ॅप्लिकेशन विकसकाच्या संगणकावर चालत असताना पडद्यावर येणाऱ्या नोंदी (लॉग), ते सर्व्हरवर चढवल्यानंतर न सापडणे. नोंद झालीच नाही असे क्वचित घडते. बहुधा ती अडकलेली, गाळली गेलेली किंवा भलत्याच ठिकाणी पडलेली असते.

सर्वांत फसवे कारण बफरिंगचे, म्हणजे आउटपुट लगेच न लिहिता आधी स्मृतीतल्या तात्पुरत्या जागेत (बफरमध्ये) साठवण्याचे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील प्रिंट या आदेशाचे आउटपुट टर्मिनलवर ओळीगणिक दिसते. तेच फाइलीत किंवा पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामकडे) जाऊ लागले की साधारण ८१९२ बाइट साठेपर्यंत पुढे सरकत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांसाठी केलेले एखादे अ‍ॅप घ्या. हंगामात पोत्यांची आवक जोरात असते, बफर भराभर भरतो, कोणाला काही जाणवत नाही. हंगाम सरला की दिवसाकाठी चार-दोन नोंदी होतात आणि त्या बफरमध्येच पडून राहतात. मधेच प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारली गेली तर कायमच्या जातात. प्रिंटला फ्लश लावणे, म्हणजे बफर लगेच रिकामा करायला लावणे, हा तात्पुरता इलाज. पायथॉनचे लॉगिंग मॉड्यूल वापरणे केव्हाही बरे, कारण त्याचा स्ट्रीम हँडलर (नोंदी बाहेर लिहिणारा भाग) दर नोंदीनंतर फ्लश करतो. मात्र नोंदींच्या महत्त्वाची पातळी ठरवून दिली नसेल, तर ते वॉर्निंगच्या खालचे सगळे, म्हणजे इन्फो आणि डीबग, गुपचूप गाळते.

अ‍ॅप डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर डॉकर लॉग्ज ही कमांड कंटेनरच्या मुख्य प्रोसेसचे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर एवढेच दाखवते. अ‍ॅप आतल्या फाइलीत लिहीत असेल, तर तिथे काही येणार नाही. लॉगरोटेटने (जुन्या लॉग फाइली बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामने) फाइलीचे नाव बदलले तरी चालू प्रोसेस त्याच जुन्या फाइलीत लिहीत राहते. तिला नवी फाइल उघडायला सांगावे लागते. डिस्क भरली आहे का, फोल्डरला लिहिण्याची परवानगी आहे का, हे मिनिटभराचे काम असल्याने आधीच उरकावे.

कधी नोंद जागेवरच असते, शोधणारा चुकतो. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर सकाळी १०:३० चा सौदा लॉगमध्ये ०५:०० ला सापडतो. अडत्याची तक्रार आल्यावर साडेदहाच्या आसपास कितीही चाळले तरी हाती काही लागत नाही.

याउलट सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) जर्नलमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, काही नोंदी खरोखर गाळल्या जातात. मूळ सेटिंगनुसार एका सेवेकडून ३० सेकंदांत सुमारे १०,००० नोंदी झाल्या की पुढच्या दडपल्या जातात. डीबग चालू राहिले की हे हमखास होते. दडपलेल्या नोंदींचा आकडा तेवढा जर्नल स्वतः लिहून ठेवते.