जुना एक्सचेंज सर्व्हर नुसता बंद करून का भागत नाही

सगळे मेलबॉक्स नवीन सर्व्हरवर गेले, मेल येतायत जातायत, मग जुन्याची वायर काढली की झालं, असं बऱ्याच ऑफिसात धरून चालतात. एक्सचेंजच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या, बाबतीत तसं होत नाही आणि त्याचं मूळ 25 वर्षं जुनं आहे.

1996 मध्ये एक्सचेंज 4.0 आला, तेव्हापासून 5.5 पर्यंत त्याची स्वतःची डिरेक्टरी असायची, युजर, पत्ते, ग्रुप सगळं त्याच्याच पोटात. एक्सचेंज 2000 ने ते सगळं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोज नेटवर्कच्या सामाईक यादीत, नेलं, आणि माझ्या मते या प्रॉडक्टच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, कारण तेव्हापासून सर्व्हर कुठले, मेल आत-बाहेर नेणारे कनेक्टर कुठले, अ‍ॅड्रेस बुक कोण बनवतंय हे सगळं त्या डिरेक्टरीत नोंदलेलं असतं, मशीन बंद केलं तरी नोंद राहतेच. नवीन व्हर्जनचा सेटअप तीच नोंद वाचतो, म्हणून एक्सचेंज 2010 चा सर्व्हर नोंदीत उरला असेल तर एक्सचेंज 2019 चा सेटअप पुढेच जात नाही, मग ते मशीन कधीच भंगारात गेलेलं का असेना. रीतसर अनइन्स्टॉल केलं तरच नोंद नीट निघते. 5.5 च्या काळातल्या पद्धतीचा एक अंतर्गत पत्ता अजूनही प्रत्येक मेलबॉक्सला चिकटलेला असतो, तो हरवला की जुन्या मेलला दिलेले रिप्लाय बाउन्स व्हायला लागतात.

दुसरं वळण एक्सचेंज 2007 चं. ते व्हर्जन फक्त 64 बिटवर, त्याच सर्व्हरवर अपग्रेड करायची सोय गेली, आणि शेजारी नवीन सर्व्हर उभा करून मेलबॉक्स हलवायचे ही पद्धत तिथून रुळली. जुना सर्व्हर निवृत्त करणं हे वेगळं काम झालं ते यामुळेच.

क्लाउड आल्यावर गुंता वाढला. सगळे मेलबॉक्स क्लाउडवर गेले तरी डिरेक्टरी सिंक (ऑफिसातली डिरेक्टरी क्लाउडशी जुळती ठेवणं) चालू असेल तर पत्ते बदलायला एक सर्व्हर ऑफिसात ठेवावा लागायचा, एप्रिल 2022 मध्ये एक्सचेंज 2019 च्या सीयू12 या अपडेटने तो शेवटचा सर्व्हर बंद ठेवायची सोय दिली. तिथे नियम उलटा, बंद करायचा पण अनइन्स्टॉल नाही करायचा!! हे खरंच लक्षात ठेवा.

राहू दे पडलेला असं म्हणणं किती महाग पडतं ते मार्च 2021 मध्ये दिसलं. प्रॉक्सीलॉगॉन नावाच्या, एक्सचेंजमधल्या त्रुटींवरच्या हल्ल्यांमध्ये जगभरचे हजारो एक्सचेंज सर्व्हर फोडले गेले, एक्सचेंज 2010 चा सपोर्ट ऑक्टोबर 2020 मध्येच संपला होता तरी त्याच्यासाठीसुद्धा पॅच काढावा लागला. आता 2016 आणि 2019 चाही सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, त्यामुळे हे काम पुन्हा खूप जणांच्या टेबलावर आलंय.

काढण्याआधी स्कॅनर, प्रिंटर, पगाराचं सॉफ्टवेअर यांच्यात जुन्या सर्व्हरचा आयपी टाकलेला आहे का ते त्याच्या रिसीव्ह कनेक्टरच्या (मेल आत घेणाऱ्या भागाच्या) लॉगमध्ये बघा, आणि महिनाअखेर मधे येईल इतके दिवस बघा, कारण पगाराच्या स्लिपा महिन्यातून एकदाच जातात.