पावडरच्या दुधाची बाटली

पावडरचं दूध, डब्याचं दूध किंवा नुसतं ‘वरचं दूध’ म्हणजे आईचं दूध मिळत नाही किंवा पुरत नाही तेव्हा तान्ह्या बाळाला पाण्यात कालवून देतात ती फॉर्म्युला पावडर. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडची आशाताईपण तेच सांगते, पण आई आजारी असते, बाळ दत्तक घेतलेलं असतं, जुळी असतात, दूध उतरत नाही, मग डॉक्टर डबा लिहून देतात आणि घरी आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो की हे बनवायचं कसं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत म्हणजे खान्देशात हा प्रश्न जरा जास्तच अवघड होतो कारण इथलं ऊन, इथलं पाणी आणि इथली लाईट.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी डबा आणणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसते. पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद डब्यातलीपण नाही. क्रोनोबॅक्टर साकाझाकी नावाचा जंतू कोरड्या पावडरमध्ये महिनोन् महिने तग धरून राहतो, कधी साल्मोनेलापण असतो, आणि पाणी पडून कोमट वातावरण मिळालं की भराभर वाढतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर तान्ह्या बाळाला मेंदूज्वर किंवा रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. 2022 साली अमेरिकेत याच जंतूच्या भीतीने एका मोठ्या कंपनीचे डबे बाजारातून परत मागवले होते आणि तिथे दुधाच्या पावडरची देशभर टंचाई झाली होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली काढलेल्या मार्गदर्शिकेत सांगितलंय की पावडर निदान 70 अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवायची. ते गरम पाणी गुठळ्या मोडायला नाही, जंतू मारायला.

इथेच घोळ होतो. आपल्याकडे बऱ्याच डब्यांवर ‘उकळून कोमट केलेलं पाणी’ असं छापलेलं असतं. काही पावडरींमध्ये पोटाला चांगले म्हणून जिवंत जंतू घातलेले असतात, ते 70 अंशात मरतात. मग ऐकायचं कुणाचं? बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस भरायच्या आधी झालेलं असेल, वजनाने कमी असेल किंवा आजारी असेल तर गरम पाण्याची पद्धतच धरावी, आणि डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डॉक्टरला डबा दाखवून विचारावं. मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला.

70 अंश मोजायला घरी थर्मामीटर कुणाकडे नसतो, त्यामुळे सोपा हिशोब असा की निदान एक लिटर पाणी खळखळ उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. छोट्या पातेलीत वाटीभर पाणी उकळलं तर ते बघता बघता निवतं, अर्धा तास कुठला, म्हणून थोडंसंच उकळू नये.

कालवायचा क्रम आधी पाणी मग पावडर. उलटं केलं तर पावडरच जागा अडवते, पाणी कमी बसतं आणि दूध घट्ट होतं. बऱ्याच डब्यांचं माप 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं पण सगळ्यांचं नाही, म्हणून नवा डबा आला की परत वाचायचं, आणि चमचा त्याच डब्यातला. चमचा शीगभर नाही, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. ‘पोरगं जरा बाळसं धरेल’ म्हणून एक चमचा जास्त टाकणाऱ्या आज्या घरोघरी आहेत, त्यांचा जीव तुटतो म्हणूनच त्या टाकतात, पण घट्ट दुधाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तात मीठ वाढतं, आणि मे महिन्यात तर हे लवकर होतं. त्याच्या उलट डबा महाग म्हणून तो महिना पुरवायला दूध पातळ करणं, हेसुद्धा घराघरात चालतं, रोजंदारीवर असलेल्या घरात तर हमखास. त्याने बाळ पोट भरल्यासारखं झोपतं पण वाळत जातं, आणि फारच पातळ झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेपण येऊ शकतात. साखर, ग्राइप वॉटर, घुटी काही टाकायचं नाही. मध तर वर्ष होईपर्यंत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. आणि कालवलेलं दूध परत गॅसवर उकळायचं नाही, उतू घालवून काही मिळत नाही, जीवनसत्त्वं मात्र जातात.

पाण्याचं वेगळंच प्रकरण आहे. इथे बऱ्याच गावांत आणि शहरांतसुद्धा नळ रोज येत नाही, दोन-चार दिवसांआड कधी त्याहून जास्त, मग पाणी टाकीत, ड्रममध्ये, रांजणात साठवलेलं असतं. ते उकळावंच लागतं. आरओचं, जारचंसुद्धा उकळावं लागतं, कारण शुद्ध म्हणजे निर्जंतुक नाही. पण उकळून सगळं सुटत नाही. रावेर-यावलचा केळीचा पट्टा असो की कपाशीचा, शेतात खत भरपूर पडतं आणि ते झिरपून बोअरच्या, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट नावाचा खतातला क्षार येऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत असावं असं भारतीय मानक आहे. लहान बाळाच्या रक्तात जास्त नायट्रेट गेलं की रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. म्हणून ज्या घरात बोअरचंच पाणी आहे त्यांनी ते तपासून घ्यावं, नाहीतर आरओचं पाणी घेऊन उकळावं.

बाटली, बूच, रिंग सगळं सुटं करून ब्रशने साबणाने घासायचं, दुधाची साय बुचाच्या आत अडकलेली असते ती काढायची, मग सगळं पाण्यात पूर्ण बुडवून पाच-दहा मिनिटं उकळायचं. पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या कडक चकचकीत बाटल्या आपल्याकडच्या मानकात 2015 पासून चालत नाहीत. खरं सांगायचं तर भारतातले बालरोगतज्ज्ञ बाटलीच घेऊ नका, वाटी-चमचा घ्या असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे, वाटीला कोपरे नसतात, घासायला सोपी, आपल्या आज्यांचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, तीपण तशीच. पण बाटली घरात येतेच, म्हणून हे सगळं लिहावं लागतं.

आता गरम आणि गार करायचा भाग. 70 अंशाच्या पाण्यात कालवलेलं दूध लगेच देता येत नाही, झटपट निववावं लागतं. पुस्तकात लिहितात बाटली नळाखाली धरा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, दुपारी स्लॅबवरच्या टाकीचं पाणी नळातून अंग पोळेल असं येतं, त्यात काय निवणार! माठातलं पाणी पातेल्यात घ्यायचं, बाटली त्यात उभी ठेवायची, पाणी झाकणाच्या खालीच राहिलं पाहिजे, आणि मधूनमधून बाटली फिरवायची. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघायचे, गरम लागू नये, कोमट लागलं की झालं.

दूध कोमटच लागतं हा मात्र समज आहे. साध्या तापमानाचं दूध बाळाला चालतं, कोमट करणं ही आवडीची आणि सवयीची गोष्ट. जपायचं असतं ते वेळेला. कालवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, बाळाने तोंड लावलं असेल तर एका तासात, आणि उष्टं उरलेलं टाकून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी. ही दोन तासांची मर्यादा साधारण खोलीसाठी आहे, इथल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तेवढीपण वाट बघू नये, बनवलं की पाजावं. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर लगेच निववून, 5 अंशांच्या आत, दारात नाही तर आत मागे, आणि 24 तासांच्या आत वापरायचं. पण लाईट चार तास गेली तर फ्रिज हे नुसतं कपाट होतं, त्यामुळे जिथे लोडशेडिंग आहे तिथे साठवायच्या भानगडीत न पडता दर वेळी ताजंच बनवावं.

फ्रिजमधलं कोमट करायला गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची, पंधरा मिनिटांच्या वर नाही, कारण कोमटपणात जंतू वाढतात. बाटली गरम ठेवायच्या विजेच्या वॉर्मरमध्ये रात्रभर लावून ठेवणं तर सरळ जंतूंना पोसणं. मायक्रोवेव्ह नको, बाटली बाहेरून थंड आणि आतलं दूध जागोजागी कढत असं होतं आणि बाळाचं तोंड भाजतं. एकदा गरम केलेलं दुसऱ्यांदा करायचं नाही.

प्रवासात, म्हणजे शिरपूरहून एसटीने निघालात किंवा भुसावळला गाडीची वाट बघताय, तर बनवलेलं दूध पिशवीत घेऊन फिरू नये. चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी, उकळून कोरड्या केलेल्या डबीत मोजलेली पावडर, आणि भूक लागली की तिथेच कालवायचं. स्टँडवरच्या चहावाल्याकडून गरम पाणी मागणारे खूप असतात, बिचारा देतोपण, पण ते किती उकळलंय हे त्यालापण माहीत नसतं.

कायद्याचं थोडक्यात. 1992 चा शिशु दुग्ध पर्याय कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. डब्याची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचा फोटो छापता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत.

डबा उघडला की महिनाभरात संपवायचा, झाकण घट्ट, कोरड्या जागी, फ्रिजमध्ये नाही. पावसाळ्यात ओला चमचा आत गेला की गोळे होतात, तसा डबा बाळाला वापरू नये. आणि बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, झटके आले, तर दूध बदलून बघू, दुसरा डबा आणू, दृष्ट काढू यात रात्र घालवायची नाही, 108 ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं, आणि जाताना डबा सोबत घ्यायचा, म्हणजे बाळाला काय पाजत होतात हे डॉक्टरला दिसेल.